रॉकेलनं धुतलेलं जीन

"वाकवून बघा साहेब," सोपान म्हणाला. "वाकतच न्हाई."

मी जिनाचा एक पाखा, म्हणजे स्वाराच्या मांडीखाली येणारा चामड्याचा रुंद तुकडा, दोन बोटांनी जरासा उचलला. कडकड आवाज आला. लगेच खाली ठेवला. आणखी जोर केला असता तर पापडासारखा मोडून हातात आला असता. जीन वरून पांढरट पडलं होतं आणि आमच्या शेडभर रॉकेलचा वास सुटला होता.

"कशानं धुतलंत हे?"

"राकेलनं. मग सोड्याच्या गरम पाण्यानं." त्यानं माझ्याकडं बघितलं. बाकीचं सांगावं की नाही, असा विचार करत असावा. "आन पेंट शॉपच्या ओव्हनपुढं वाळवलं. आमी जॉब असंच साफ करतो साहेब. चकाचक निघतात."

जॉब म्हणजे मशीनवर तयार झालेला लोखंडी भाग. सोपान आमच्या भोसरीच्या शेडला लागून असलेल्या कंपनीत टर्नर होता. ग्रीस काढायचं, धुवायचं, वाळवायचं, हे त्याच्या हाताला बसलेलं. फक्त या वेळचा जॉब लोखंडाचा नव्हता.

आमच्या कारखान्यात चामड्याचे वॉशर बनत. हायड्रॉलिक प्रेसमध्ये तेल गळू नये म्हणून वाटीच्या आकाराचा चामड्याचा वॉशर बसवतात, तो. त्याशिवाय वेल्डरचे हातमोजे. मी तिथं सुपरवायझर होतो, लेदर टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा घेऊन आलेलो. वडलांना ते अजिबात आवडलं नव्हतं. आमच्या माणसांनी धर्म बदलला तेव्हा मेलेली गुरं ओढणं आणि कातडी सोलणं सोडलं होतं. वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत लागले होते, ते म्हणाले, "आम्ही जे सोडलं तेच तू शिकून धरलंस?" मी म्हटलं, "आता पगारानं धरतोय, आणि खुर्चीत बसून." त्यांचा राग पुष्कळ दिवस गेला नाही. सांगायचा मुद्दा, बापाला न आवडणारी नोकरी करणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. म्हणून सोपानची गोष्ट मी नीट ऐकून घेतली.

तो चिखलीचा. त्याचे वडील गेनूनाना पंचक्रोशीत माहीत होते ते घोडीमुळे. आमच्या भागात यात्रेला बैलगाड्यांची शर्यत असते. चढावर आखलेल्या धावपट्टीला घाट म्हणतात. गाडा सुटला की पुढं एक घोडी पळते, आणि तिच्यामागं बैल जीव तोडून धावतात. नानांनी आयुष्यभर गाड्यापुढं घोडी पळवली. त्यांचं जीन लष्करी बनावटीचं होतं, त्यांच्या वडलांनी, म्हणजे आबांनी, खडकीला लिलावात घेतलेलं. आता नानांचे गुडघे गेले होते. सोपाननं या वर्षी प्रथमच घोडी मागितली, तर नाना म्हणाले होते, "कंपनीच्या हाताला घोडी वळत न्हाई." मग नाना लेकीकडं तळेगावला गेलेले बघून यानं जीन साफ करायला काढलं. चकचकीत जीन बघून बाप खूश होईल आणि घोडी देईल, असा हिशेब.

"आता ह्ये बघितलं तर या जन्मात घोडी मिळत न्हाई," सोपान म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. यात्रा तोंडावर आली होती.

चामड्याचं शास्त्र सोपं आहे. चामड्यात बारीक तंतू असतात आणि तंतूंच्या मध्ये तेल. तेल आहे तोवर तंतू एकमेकांवरून सरकतात आणि चामडं वाकतं. रॉकेलनं तेल काढून नेलं. सोड्यानं उरलंसुरलं नेलं आणि वर स्वतः आत मुक्काम केला. ओव्हननं पाणी पळवलं. तंतू एकमेकांना चिकटून बसले. अशा वेळी लोक भसाभस तेल ओततात. ते करायचं नाही. कोरड्या चामड्यात तेल सारखं शिरत नाही. आधी ओल परत आणायची, मग तेल.

दुसऱ्या दिवशी आमचे मालक देवधर साहेब राउंडला आले आणि टेबलापाशी थांबले.

"कांबळे, हे काय आहे?"

"जीन आहे साहेब."

"ते दिसतंय मला. आपल्या टेबलावर का आहे?"

"तेल पाजायचंय. आपण वॉशरला पाजतो तसंच."

"आणि हे जमतं तुम्हाला? हं, तुमच्या घरचंच काम असेल म्हणा."

"घरचं नाही साहेब. डिप्लोमाचं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. बोलून झाल्यावर त्यांना कळायचं. "बरं," ते म्हणाले, "पण शिफ्ट सुटल्यावर." मग रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी ते स्वतःच येऊन पाखा बोटानं दाबून बघायला लागले.

पहिल्यांदा पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्या पाण्यानं मी सोडा मारला. मग ओल्या फडक्यांत सगळं जीन गुंडाळून ठेवलं. चामडं हाताला गार लागायला लागलं तेव्हा नीट्सफूट तेल कोमट करून बोळ्यानं लावलं. हे तेल गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढतात, चामड्यात खोल जातं. पातळ हात द्यायचा, मुरू द्यायचं, पुन्हा पातळ हात. सोपान शिफ्ट सुटली की येऊन बसायचा आणि "अजून थोडं घालू का?" म्हणायचा. मी त्याच्या हातातला बोळा काढून घ्यायचो. तेल जास्त झालं तर चामडं फडक्यासारखं लुळं पडतं.

हळूहळू रंग परत आला. गूळ करपायच्या आधी जसा दिसतो तसा. एके दिवशी पाखा न कुरकुरता वाकला. सोपाननं तो पुन्हा पुन्हा वाकवून बघितला आणि लहान पोरासारखा हसला. मलाही बरं वाटलं. वॉशर कुणी असं हसून बघत नाही.

तंग अडकवायचे पट्टे मात्र गेले होते. तंग म्हणजे घोडीच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. सगळं जीन त्याच्यावर टिकतं. भर वेगात हे पट्टे तुटले तर स्वार खाली, आणि मागून बैल. तिथं मी दयामाया दाखवली नाही. करपलेले पट्टे काढून टाकले आणि नव्या जाड चामड्याचे केले. शिवताना नायलॉन वापरला नाही, तो जुन्या चामड्याला सुरीसारखा कापतो. मेण लावलेला तागाचा दोरा, दोन सुया, दोन्हीकडून टाका.

हे करताना डाव्या पाख्याच्या आतल्या बाजूला एक ठिगळ सापडलं. फार जुनं. टाके वाकडेतिकडे, दोरा गोधडीचा असावा तसा. देवधर साहेबांना ते खटकलं.

"हे काढा. एवढं चांगलं काम आणि मध्येच हे. आपल्या शेडमधून बाहेर जातंय."

"घट्ट धरलंय साहेब."

"दिसतं वाईट."

"आतल्या बाजूला आहे. धरलेलं उसवलं तर भोकं मोठी होतात."

ते पुटपुटत गेले. ठिगळ राहिलं.

नव्या पट्ट्यांना भोकं पाडायची तर घोडीचं माप हवं. म्हणून रविवारी जीन सायकलच्या कॅरियरला बांधून मी चिखलीला गेलो. सोपान वेशीपाशी उभा होता. अंगणात शिरलो तर बाजेवर गेनूनाना. लेकीकडून एक दिवस आधीच परतलेले. सोपानचा चेहरा पडला.

"या, बसा," नाना मला म्हणाले. सरकून बाजेवर जागा केली आणि आत चहाला सांगितलं. मग जिनाकडं बघितलं. "ह्ये कुटं गेलं व्हतं?"

"साहेबांनी तंगाचं पट्टं बदलून दिलं," सोपान म्हणाला. खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

"टाक बरं तिच्यावर."

घोडीचं नाव साळू. सोपाननं जीन जवळ नेलं तशी तिनं नाक लावलं, फुरफुरली, कान मागं टाकले आणि बाजूला झाली. तो दुसऱ्या अंगानं गेला. ती पुन्हा सरकली. आमच्या नाकाला वास केव्हाच येईनासा झाला होता. तिच्या नाकाला येत होता.

नाना उठले, काठी टेकत आले आणि जिनावर वाकले.

"राकेल," ते म्हणाले.

मग सोपाननं सगळं सांगून टाकलं. सोडा, ओव्हन, काही लपवलं नाही. नाना ऐकत राहिले. मी चहाचा कप तसाच धरून बसलो होतो. आता या पोराची घोडी गेली, असंच मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

नानांनी मला विचारलं, "घाटात टिकंल का?"

"टिकेल. पट्टे नवे आहेत. पाख्यांना अधूनमधून तेल लागेल."

"ठिगळ काडलं का?"

"नाही."

त्यांनी डावा पाखा उलटला आणि ठिगळावरून अंगठा फिरवला. सोपान बघत होता. त्यानं आजवर ते कधी पाहिलं नसावं.

"ह्ये माजं," नाना म्हणाले. "तुज्यापरीस बारका व्हतो. पावसात भिजलं म्हनून चुलीवर वाळत घातलं. भोक पडलं. आबानं मारलं न्हाई. दाभण दिलं हातात."

नानांनी गोठ्याच्या खुंटीवरचा खरारा काढून त्याच्या हातात दिला. खरारा म्हणजे घोडी घासायचा ब्रश.

"रोज हिला खरारा कर. तिचा घाम पुसशील त्याच फडक्यानं जीन पूस. तिचा वास जिनाला लागू दे, तुजा तिला."

"फर्स्ट शिफ्ट असली तर?"

"मग शिफ्टच्या आदी."

"म्हंजी घोडी मी..."

"दुसरं कोन हाय हितं? जीन वाकाया लागलं. माजं गुडघं काय वाकत न्हाईत."

मी साळूचं माप घेऊन भोकं पाडली. चहा गार झाला होता, तसाच प्यायलो. चांगला लागला.

यात्रेला मी वडलांना घेऊन गेलो. यायला तयार नव्हते, पण आले. सोपाननं साळू सरळ काढली, जीन तसूभर हललं नाही. नंबर मात्र दुसऱ्याच गाड्याचा आला. परत येताना वडलांनी विचारलं, "ते पट्टे तू शिवलेस?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "टाके सरळ आहेत." माझ्या नोकरीबद्दल ते बोललेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

पुढं दुरुस्तीला पुष्कळ जुन्या वस्तू आल्या. मी माणसांना दोनच गोष्टी सांगायचो. धुण्याआधी वस्तू कशाची आहे ते विचारा. आणि जुनं ठिगळ धरलेलं असेल, तर कितीही वाईट दिसलं तरी ते उसवू नका.