सरकवाबाईचे दोन वॉर्ड

वरच्या मजल्यावरच्या बाईला सगळी इमारत सरकवाबाई म्हणते, अर्थात ती जिना चढून गेल्यावर. तिचा हात लागला की वस्तू जागची हललीच. एकदा नवरा नेहमीच्या जागी टेकायला गेला आणि थेट फरशीवर. खुर्ची खिडकीशी गेली होती.

नोकरी इस्पितळात, वॉर्डातल्या मावशीची. न्यूमोनियाची साथ आली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं, डाव्या वॉर्डात नवीन औषध द्यायचं, उजव्यात जुनं, आणि बघायचं कुठलं सरस. पेशंटनं कुठं जायचं याला नियम नाही. खाट रिकामी असेल तिथं. आणि खाट दाखवायला दारात उभी कोण? सरकवाबाई! तिची थोरली जाऊही तिनं डाव्या वॉर्डातच निजवली होती.

साथ ओसरू लागली तसं डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "डाव्या वॉर्डात दुप्पट माणसं दगावली. नवीन औषध उद्यापासून बंद."

सरकवाबाईच्या हातातली बादली आदळली. पाणी डॉक्टरांच्या बुटांत गेलं, तिला पत्ताच नाही. ती माणसं तिनंच तर तिकडे नेली होती!

ती तडक जावेच्या खाटेशी आली. जाऊ उशीला टेकून वेणी घालत होती.

"काय गं, भूत बघितलंस?"

"ताई, तुमचं औषध बंद करतायत."

"आँ? आत्ता कुठं धड श्वास घेतेय मी! मला इकडे आणलं कुणी? तूच ना?"

"मग काय करू? तुमची धाप बघवेना. ज्याला जास्त धाप, त्याला मी डावीकडेच..."

बोलता बोलता तिनं उजव्या वॉर्डाकडे मान वळवली. उजवीकडे तिनं धाडले होते, ते सगळे आपल्या पायांनी चालत आलेले.

ओल्या चपलांनी ती तशीच डॉक्टरांच्या खोलीत घुसली. "साहेब, मरायला टेकलेले मी सगळे डावीकडे घातले. धडधाकट उजवीकडे."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, उलटा घातला. "तुम्हाला निवडायला कुणी सांगितलं?"

"निवडू नको, असंही कुणी सांगितलं नाही."

"अहो मावशी, मग दोन्ही वॉर्डांची तुलना करून मी काय दिवे लावले!"

"म्हणजे औषध चांगलंय ना, साहेब?"

"आता मलाही माहीत नाही."



औषध बंद करायचा हुकूम मागं घेतला गेला. जाऊ बरी होऊन घरी आली. औषधानं की आपली आपण, ते डॉक्टरांनाही विचारू नका. आता कुणाला कुठलं औषध, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि सरकवाबाईचीच बदली चादरी धुवायच्या खोलीत झालीय.

घरातली खुर्ची तेव्हापासून जागची हललेली नाही. नवरा मात्र अजून मागं चाचपूनच बसतो.