आ कर

ऑक्टोबरची सहा तारीख. भाजणी दळून आली आहे, सोऱ्या घासून उन्हात ठेवला आहे आणि पहिल्या घाण्याचं पीठ मळायचं काम माझ्यासमोर आहे. मळणं मला येतं. पुढचं येत नाही.

पुढचं म्हणजे वहिनींचं "आ कर."

डोंबिवलीत कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वहिनी तळमजल्यावर आणि मी दुसऱ्या मजल्यावर. नात्याने कोणी नाहीत, अख्खी बिल्डिंग त्यांना वहिनीच म्हणते. आम्ही दोघी मिळून बरीच वर्षं ऑर्डरीवर दिवाळीचा फराळ केला. पीठ मळून झालं की वहिनी सुपारीएवढी गोळी तीन बोटांत धरायच्या आणि थेट माझ्या तोंडासमोर आणायच्या. "आ कर." मी फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत असले तर फोनसकट आ करायचा. दोन मुलांच्या आईला असा घास भरवला जातो याची पहिल्या वर्षी मला लाज वाटली. मग कच्च्या पिठाची चटक लागली आणि लाज गेली.

स्वतः वहिनी चाखायच्या नाहीत. पहिला घाणा देवाला, आणि देवाच्या आधी जिभेला नाही. त्या मूळच्या कोकणातल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने हा नियम लावला. सासू गेली, नियम राहिला. नैवेद्य झाल्यावरही त्या सीझनभर चकलीला तोंड लावायच्या नाहीत. तळणाच्या वासानेच पोट भरतं म्हणायच्या. आमच्या घरी बुद्धाची मूर्ती. तिच्यासमोर फुलं आणि मेणबत्ती, नैवेद्य नाही. त्यामुळे चाखायचं खातं पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आलं. "तुला देव आडवा येत नाही, तू खा," एवढ्यावर आमची भागीदारी ठरली.

एकदा त्यांची नौपाड्याची नणंद ऑर्डर द्यायला आली. वहिनींच्या हातातल्या गोळीकडे आणि माझ्या उघड्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "चाखतं कोण गं तुमच्यात?" प्रश्न चवीचा नव्हता, हे आम्हा तिघींनाही कळलं.

"ही," वहिनी म्हणाल्या. "हिच्या जिभेवर धंदा चाललाय. तुला चकल्या हव्यात का, की दुकानातून आणतेस?"

नणंदेने दोन किलो सांगितल्या.

मीठ मोजणं वहिनींना मान्य नव्हतं. मी व्यवहारी बाई, एकदा चमचा घेऊन बसले. "मोजून मीठ घालणाऱ्यांच्या चकल्या दुकानात मिळतात," असं म्हणून त्यांनी चमचा सिंकमध्ये टाकला. भाजणी दर वेळी वेगळी, लोणी वेगळं, तिखट वेगळं, मग मीठ एकसारखं कसं? त्या मुठीने घालायच्या, मी जिभेने सांगायचे. "हवं", "बास" किंवा "गेलं". "गेलं" म्हटलं की त्या अर्धा तास माझ्याशी बोलायच्या नाहीत, जणू मीठ मीच ओतलं.

मागच्या वर्षी गणपती झाल्यावर माझं डोकं सारखं दुखायला लागलं. गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं, ही माझी पद्धत. शेवटी मुलीने धरून डॉक्टरकडे नेलं. बीपी वाढलेलं, लघवीतून प्रोटीन जातंय, क्रिएटिनिन जरासं वर.

"किडनीचा आजार आहे, पण सुरुवातीचा," डॉक्टर म्हणाले. "दुसरी स्टेज."

"एकूण किती?"

"पाच."

म्हणजे फायनल अजून लांब आहे, असा मी हिशेब केला. "मग आता काय करायचं?"

"मीठ कमी. बीपीची गोळी रोज. डोकेदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. तीन महिन्यांनी परत तपासू. हा आजार जात नाही, पण सांभाळलात तर बरीच वर्षं आहे तिथेच राहू शकतो."

सांभाळा! हे काय काम झालं? मला घर हलवायला सांगा, शंभर माणसांचा स्वयंपाक सांगा. नुसतं सांभाळत बसणं मला जमत नाही, म्हणून मी माझं काम मीच काढलं. कमी म्हणजे बंद, असा अर्थ लावला. दुसऱ्या दिवसापासून माझं वरण अळणी, भाजी अळणी, भाकरी अळणी आणि मीही बऱ्यापैकी अळणी. नवरा माझ्या ताटाकडे एकदा बघायचा आणि आपलं ताट उचलून टीव्हीसमोर जायचा.

बाहेर कोणाला सांगितलं नाही. आमची बिल्डिंग मला माहीत आहे. किडनी म्हटलं की मुतखडा, आणि मुतखडा म्हटलं की कोणीतरी पानफुटीची पानं घेऊन दारात. वहिनींना न सांगण्याचं कारण मात्र वेगळं होतं. चाखणं गेलं तर त्या स्वयंपाकघरात माझं काम काय? चकली पाडायला मला कधी आलीच नाही. माझ्या चकलीचे वेढे तेलात पडायच्या आधीच एकमेकांना सोडून जातात. माझ्याकडे होती ती फक्त जीभ. किडनीपेक्षा मला याचीच भीती जास्त वाटत होती. एवढी मी शहाणी.

सीझन सुरू झाला. वहिनींनी गोळी पुढे केली. "आ कर."

एवढ्याशा गोळीने काय होतंय, असं मनाशी म्हणत मी आ केला. पण एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. इतके दिवस अळणी खाऊन माझी जीभ बदलली होती. ते पीठ तोंडात गेलं आणि मला समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

"बास," मी म्हणाले.

"एवढ्यातच?"

"बास म्हटलं ना."

वहिनींनी मिठाचा डबा बंद केला. माझ्या जिभेवर त्यांचा देवाखालोखाल विश्वास होता.

दोन-तीन दिवसांत फोन सुरू झाले. "ताई, यंदा मीठ महाग झालंय का?" दुसरी म्हणाली, "डाएटवाली आहे का? मग तसं सांगायचं ना." नौपाड्याच्या नणंदेने तर डबाच परत पाठवला.

वहिनींनी त्यातली एक चकली मोडून खाल्ली. सावकाश चावली. मग माझ्याकडे बघितलं.

"जीभ कुठे ठेवून आलीस?"

मी लोण्यावर ढकलून बघितलं, गिरणीवाल्यावर ढकलून बघितलं. शेवटी मी सांगून टाकलं, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं.

"डायलिसिस?"

"नाही."

"मग रडतेस कशाला?"

"मी कुठे रडतेय?" मी रडत नव्हतेच. नाक पुसत होते.

"आणि मी आपली तुझ्या तोंडात मीठ कोंबतेय! बोलायला काय झालेलं तुला?"

"चाखणं गेलं की मला ठेवाल कशाला?" हे तोंडातून बाहेर पडलं आणि किती मूर्खासारखं आहे ते माझं मलाच कळलं. वहिनींनीही लगेच दुजोरा दिला.

"मूर्ख आहेस. फोन कोण घेणार? आमच्या नणंदेशी भांडणार कोण? चल, पीठ भिजव."

नवीन पीठ मळून झालं. वहिनींनी मूठ घातली, गोळी केली, आणि सवयीने हात माझ्या तोंडाकडे आला. अर्ध्यावर थांबला. त्या कोपऱ्यातल्या देवघराकडे वळल्या.

"बाईची किडनी आहे," त्यांनी देवांना सांगितलं. सुट्टे नाहीत म्हणून रिक्षावाल्याला सांगावं, त्या सुरात. आणि गोळी स्वतःच्या तोंडात टाकली. डोळे मिटून, चेहरा काढा प्यायल्यासारखा करून चावली.

"हवं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर हवं, बास, गेलं, सगळं त्यांचंच. सगळ्यात शेवटी त्या थोडं फिकं पीठ भिजवून माझ्यापुरता वेगळा घाणा काढायच्या, आणि मोडक्या चकल्यांच्या परातीकडे माझा हात गेला की झाऱ्याने बोटांवर मारायच्या. मीठ अजिबात बंद केलं म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टर मला ओरडले, ते ऐकून आठवडाभर हसल्या. रिपोर्ट आहे तिथेच आला की म्हणायच्या, "तुझ्यावरच गेलाय. जागचा हलत नाही."

या मे महिन्यात त्या ठाण्याला मुलाकडे राहायला गेल्या, बाळकुमला, बाविसाव्या मजल्यावर. जाताना सोऱ्या माझ्याकडे देऊन गेल्या. माझी चकली माहीत असूनही.

तर त्या सहा तारखेला पीठ मळलं. नवऱ्याला चाखायला दिलं. "छान," तो म्हणाला. त्याने माझ्या अळणी वरणालाही छानच म्हटलं होतं. मुलगी म्हणाली, "चीज घालून बघ ना." मी वहिनींना फोन लावला.

"अंदाजाने घाल."

"चमच्याने मोजून घालू?"

"घाल," त्या म्हणाल्या. "आता मी काय सांगणार."

ते पीठ मी तसंच झाकून ठेवलं. रात्री त्याचे वडे झाले. नवरा छान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला रक्त तपासायला ठाण्याला, नौपाड्यात जायचंच होतं. उठून आधी ताजं पीठ मळलं, डब्यात भरलं, रक्त देऊन झाल्यावर रिक्षा केली आणि बाळकुम गाठलं. गेटवर वॉचमनने डब्यात काय आहे विचारलं. पीठ, म्हटलं. तो म्हणाला, इथे गिरणी नाहीये, मॅडम.

वहिनींनी दार उघडलं. मी चप्पल काढली, हात धुतले आणि तीन बोटांत गोळी धरली.

"आ करा."

"अगं, अजून पूजा व्हायचीय."

मी हात खाली घेतला नाही. वहिनींनी हॉलमधल्या नव्या देवघराकडे मान वळवली.

"तीच बाई आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आ केला.