कवळीवाले आणि संगीतकाराची बहीण

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात कवळीवाले चौदा वर्षं राहत होते. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि हे पुढच्या खोलीत बसून कवळ्या घडवायचे. टेबलावर प्लास्टरचे जबडे, मेणाच्या पट्ट्या, पॉलिशची मोटर. उजेड भरपूर म्हणून त्यांनी ही जागा घेतली होती. गाण्याशी त्यांचा संबंध शून्य. बायको म्हणायची, "ह्यांनी शीळ घातली की दूध नासतं."

दोन वर्षांपूर्वी खाली दाराशी एक पाटी लागली. एका नामवंत संगीतकाराचं कुटुंब पूर्वी इथे राहायचं म्हणे. झालं! बेलला उसंत मिळेना. सुरुवातीला कवळीवाले लोकांना दारातूनच वाटेला लावायचे. पण तीन जिने चढून धापा टाकणारी माणसं बघून त्यांना कसंसंच व्हायचं. मग ते त्यांना खिडकीपाशी नेऊन सांगू लागले, "इथंच बसून ते चाली बांधायचे." त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं. पण खिडकी ऐटबाज होती, आणि ऐकणारे खूश होऊन जायचे.

एका सकाळी ऐंशीच्या घरातल्या एक बाई एकट्याच वर आल्या. कवळीवाल्यांनी सवयीनं खिडकीचं पुराण लावलं. बाईंनी ते निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इथं आमची धुणी वाळायची."

"आमची म्हणजे?"

"मी त्याची धाकटी बहीण."

कवळीवाल्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाईंना मात्र हसू फुटलं आणि हसता हसता वरची कवळी सटकली. त्यांनी ती चटकन तळहातानं सावरली.

"ही कोणी केली?" कवळीवाल्यांची लाज एका क्षणात पळाली. "किती सैल आहे! जेवता तरी कशा?"

"भिजवून."

"द्या इकडे. तासाभराचं काम आहे."

आतून नवा थर देऊन तो पक्का होईपर्यंत बाई रुमाल तोंडाशी धरून बोबड्या बोलत राहिल्या. वडिलांना रातपाळी असायची, ते दिवसा झोपायचे. घरात चमचा पडला तरी खैर नसे. म्हणून आई दादाला व्हायोलिनसकट कोठीच्या खोलीत कोंडायची आणि दाराच्या फटीत घोंगडी कोंबायची.

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर पहाऱ्याला. आवाज फार झाला की दार दोनदा ठोकायचं. एकदा मी ऐकता ऐकता ठोकायचंच विसरले. दोघांनी मिळून मार खाल्ला."

त्या खोलीत आता प्लास्टरची पोती होती. बाई दारापाशी खाली बसल्या आणि कवळीवाल्यांना म्हणाल्या, "आत जा बरं. काहीतरी गुणगुणा."

"अहो ताई, मला सूर कशाशी खातात ते माहीत नाही."

"जा म्हणते ना!"

ते गेले, दार लावून घेतलं आणि पोत्यांमध्ये उभं राहून जमेल तसं गुणगुणले. बाहेरून लगेच दोनदा ठकठक झाली. दार उघडलं, तर बाईंचे डोळे भरलेले आणि चेहरा हसरा. "किती बेसूर आहात हो तुम्ही!"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "मी तीस वर्षं हेच सांगतेय."

कवळी चपखल बसली. बाईंनी तिथंच एक सफरचंद कचाकचा खाल्लं.

पुढच्याच आठवड्यात पोती गॅलरीत गेली. खिडकीची गोष्ट बंद झाली. आता येणाऱ्याला कवळीवाले कोठी दाखवतात, आणि हौस असेल त्याला क्षणभर आत कोंडतातही.

बाई अधूनमधून येतात. मागच्या वेळी म्हणाल्या, "ही आता जुनी झाली. नवी करा. पण पुढचा एक दात जरासा वाकडा बसवा. आमच्या घरात सगळ्यांचा तसाच होता, दादाचासुद्धा."

कवळीवाल्यांचं अख्खं आयुष्य दात सरळ बसवण्यात गेलेलं. सध्या ते उजेडात बसून तो एक दात मेणात केसभर इकडे, केसभर तिकडे करतायत. तिसऱ्यांदा काढला, चौथ्यांदा लावला. बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली, ती त्यांना ऐकूच गेली नाही.