कोलेटला ठाऊक होतं

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, बटाट्याच्या शेतांमधल्या एका फ्रेंच बोलणाऱ्या गावात, कोलेट पेल्टिए सतरा वर्षं इस्पितळात नर्स होती. बेचाळिसाव्या वर्षी तिने पुढे शिकून नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं ठरवलं, म्हणजे स्वतः तपासून औषध लिहून देता येतं. वृद्धांसाठीच्या शाखा दोन होत्या. एक इस्पितळातल्या अत्यवस्थ रुग्णांची, दुसरी दवाखान्यात त्याच त्या माणसांना वर्षानुवर्षं सांभाळण्याची. कोलेटने अर्जावर पहिलीपुढे खूण केली.

त्याच आठवड्यात तिने आल्सिद मिशो या रुग्णाला इस्पितळातून घरी सोडलं. वय एक्क्याऐंशी. लहानपणी शाळेला काढणीची सुट्टी लागली की कोलेट त्याच्याच शेतात बटाटे वेचायला जायची.

"पोरी, घरातल्या जुन्या गोळ्याही घ्यायच्या का गं?" त्याने विचारलं.

शेजारच्या खाटेची घंटा वाजत होती. "सगळं कागदावर लिहिलंय, काका. इथे सही करा."

अकराव्या दिवशी तो स्वयंपाकघरात पडला. खुबा मोडला. त्याच्या मुलीने इस्पितळात पिशवीभर गोळ्यांच्या बाटल्या आणल्या, तेव्हा कळलं: रक्तदाबाचं एकच औषध तो दोन नावांनी, दुप्पट घेत होता; त्यानेच चक्कर आली होती.

"त्याची सही आहे ना? मग तुझ्यावर काही येत नाही," मुख्य नर्स म्हणाली.

ते ऐकून कोलेटला जास्तच शरम वाटली. तीन दिवस ती त्याच्या खोलीपुढून मान खाली घालून गेली. चौथ्या दिवशी आत जाऊन बसली.

"काका, चूक माझी आहे. मी तुम्हाला नीट सांगितलं नाही."

"मला इंग्रजी वाचता येत नाही, ठाऊक होतं तुला?"

"होतं. तुमची पत्रं मीच वाचून दाखवायचे."

"वेचतानाही घाईच तुझी. अर्धे बटाटे मातीत ठेवायचीस," तो म्हणाला आणि हसला. कोलेटला हसता आलं नाही.

तिने इस्पितळाच्या वहीत आपल्या नावानिशी ही चूक नोंदवायला लावली. अर्जावरची खूण बदलून दवाखान्याची शाखा घेतली.

"इतकी वर्षं वॉर्डात काढलीस, आणि आता ही शाखा?" नवऱ्याने विचारलं.

"प्रश्न विचारणाऱ्या माणसाला उत्तर द्यायला तरी वेळ मिळेल," ती म्हणाली.

आल्सिद पुन्हा स्वतःच्या घरी राहायला गेला नाही. मुलीने त्याला तीस मैलांवर आपल्याकडे नेलं. कोलेट अभ्यास सांभाळून दर रविवारी तिकडे जाते. कधी तो गप्पा मारतो, कधी तोंड फिरवून पडून राहतो. ती तासभर तिथेच बसते.