भांडायची कॅसेट

"थांबा बाई, त्यांना बोलू द्या," असं म्हणून भाभी हात वर करायच्या आणि टेपरेकॉर्डरकडे बघत गप्प बसायच्या. ज्यांना बोलू द्यायचं, ते त्यांचे यजमान मस्कतला होते. माझ्या पनवेलच्या खोलीत आम्ही दोघीच, आणि फिरणारी कॅसेट.

भाभी आमच्या शेजारच्या. यजमान तिकडे सुपरवायझर, असं घरी सगळ्यांना ठाऊक. तेव्हा आखातात फोन करणं परवडत नसे, म्हणून लोक कॅसेट भरून जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर पाठवत. यजमानांनी धाडलेला मोठा टू-इन-वन भाभींकडे होता, पण तो सासूच्या खोलीत. तिथे भरलेल्या कॅसेटमध्ये सगळी खैरियत असे. भांडायचं असलं की भाभी रविवारी दुपारी माझ्याकडे येत. मी शाळेत शिकवत असे; माझा टेपरेकॉर्डर मुलांच्या कवितांसाठी घेतलेला.

पहिल्याच खेपेला त्यांनी यजमानांना विचारलं, दोनदा ईदला येतो येतो म्हणालात, का आला नाहीत? आणि गप्प झाल्या. रडू आलं असेल म्हणून मी बटण बंद करायला गेले, तर हात वर. कॅसेट रिकामी जातेय, मी म्हटलं.

"एकटीनंच बोलायचं म्हणजे ते भाषण झालं," त्या म्हणाल्या. "भांडणात त्यांना जागा नको?"

अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं अशी यजमानांची. मधेच त्या मान हलवून "हे मला पटत नाही" असंही म्हणत.

दीड महिन्यानं तीच कॅसेट परत आली. यजमानांनी खरंच मोकळ्या जागांत उत्तरं भरली होती. बटण वेळेवर सोडणं मात्र जमलं नव्हतं, त्यामुळे भाभींची चांगली चांगली वाक्यं पुसली गेली होती. भाभी भडकल्या. इथं असले तरी हे असंच करतात, मला पुरं बोलू देत नाहीत, म्हणाल्या.

शेवटच्या जागेत बराच वेळ नुसती पंख्याची घरघर होती. मग आवाज आला, "मी सुपरवायझर नाय. ट्रक चालवतो. तुला काय तोंड दाखवू, म्हणून ईद टाळली."

भाभींनी ते तीनदा लावायला लावलं. डोळे पुसले, आणि एकदम हसत सुटल्या. "ट्रक? कर्नाळ्याच्या वळणावर स्कूटरवरून मला पाडलं होतं यांनी."

मग कॅसेट उलटवून, लाल बटण स्वतः दाबून म्हणाल्या, "मी तुमच्या हुद्द्याशी निकाह केला नव्हता. अम्मीला मी सांगते. तुम्ही या." उरलेली सगळी बाजू त्यांनी यजमानांना ठेवली.

यजमान आले. सासूनं म्हणे एवढंच विचारलं, की ट्रक केवढा होता.

पुढे ती मंडळी उरणला गेली. यजमानांनी टेम्पो घेतला, मोरा बंदरातली मासळी वाहायला. माझ्या रविवारच्या दुपारी एकदम मोठ्या झाल्या.

वर्षभरानं पळस्प्याजवळ एसटीच्या खिडकीतून दोघं दिसली. टेम्पो रस्त्याकडेला, बॉनेट उघडं, त्यातून वाफ. यजमान आत वाकलेले, भाभी शेजारी उभ्या, आणि दोघं एकाच वेळी बोलत होती. मी हाक मारली, पण ती त्यांच्यापैकी कुणालाच ऐकू गेली नाही.