सोबतीला गेलेले व्याही

माझ्या भावाच्या साखरपुड्याला सासरे आले नाहीत, तेव्हा माझे वडील दुखावले. माहेर मुरबाडचं, सासर किन्हवलीचं, एसटीनं फार लांब नाही. त्याआधी गणपतीलाही सासऱ्यांनी काहीतरी कारण काढलं होतं. "काय बिनसलं का आमचं?" वडिलांनी मला विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. सासरे मुळातच कमी बोलायचे, सुनेशी तर कामापुरतंच.

भाताची झोडणी आटपल्यावर एका सकाळी वडील न कळवता आमच्या ओटीवर येऊन बसले. मी चहा केला. तो पिऊन होईपर्यंत सासरे तीनदा उठून घरामागे जाऊन आले. वडील बघत होते. त्यांनी आवाज खाली केला, पण मी दारातच होते.

"व्याही, एसटीत बसायची धास्ती वाटते ना?"

सासरे हळूच म्हणाले, "एकदा गाडी थांबवायला सांगितली. आख्खी गाडी हसली."

"दोन वर्षांमागं माझं हेच होतं. आता गोळी घेतो, वर्षातून एकदा तपासून येतो. येत्या सोमवारी शहापूरला जायचंय. चला."

"मी कशाला? मला काय झालं नाय."

"मग माझ्या सोबतीला चला."

सोबतीला कुणी बोलावलं तर नाही म्हणायचं, हे सासऱ्यांना जमत नसे.

वडिलांनी ओळखीची जीप सांगितली आणि कागद वाचायला मला बरोबर घेतलं. दवाखान्यात सोनोग्राफीसाठी दोघांना भरपूर पाणी पिऊन लघवी रोखायला सांगितलं. सासऱ्यांचा चेहरा उतरला. वडिलांनी त्यांच्या बरोबरीनं ग्लासामागून ग्लास रिचवले आणि कोलमाच्या बियाण्याचा विषय काढला. कुठलं बी, किती उगवलं, यावर दोघांचा वाद रंगला. नंबर येईपर्यंत सासरे एकदाच उठले.

नंतर दोघांचं रक्त घेतलं आणि डॉक्टरांनी पडद्याआड तपासलं. बाहेर आल्यावर सासरे खिडकीबाहेर बघत बसले. चार दिवसांनी रक्ताचे रिपोर्ट आणायला पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी ते पाकीट माझ्यापुढे धरलं.

"वाच गो. सगलं वाच, लपवू नको."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. इतक्या मोकळेपणी ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. मी डॉक्टरांना एकेक ओळ विचारून त्यांना सांगितली. प्रोस्टेट ग्रंथी वयामुळे वाढली होती, कॅन्सरची शंका वाटत नव्हती, गोळीनं फरक पडणार होता. साखर मात्र वाढलेली निघाली ती माझ्या वडिलांची. तिथून निघून स्टँडवर चहा प्यायला थांबलो, तर सासऱ्यांनीच चहावाल्याला सांगितलं, "व्याह्यांचा बिनसाखरेचा."

महिन्याभरात गोळीचा गुण आला. पुढच्या वर्षी झोडणी झाल्यावर दोघं पुन्हा निघाले. आदल्या दिवशी शेजारचे काका कुंपणाशी घुटमळत आले आणि सासऱ्यांना म्हणाले, "मी पण येऊ काय? मला तसं काय झालं नाय."

"कुणालाच काय झालं नसतं," सासरे म्हणाले. "सकाळी उपाशी ये."

त्यानंतर दरवर्षी जीपमध्ये माणसं वाढत गेली. मी वाण्याकडून पुठ्ठ्याच्या फायली आणल्या, प्रत्येकीवर नाव घातलं आणि कपाटाचा एक कप्पा त्यांच्यासाठी रिकामा केला.