दारफळणीची परवानगी

आमच्या जव्हारच्या घरमालकांइतका खरं बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आणि खरं बोलून त्यांच्याइतकी लोकांची पंचाईत करणाराही पाहिला नाही. मी शाळामास्तर, त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून बारा वर्षं राहिलो. खोली बघायला गेलो त्या दिवशीच ते म्हणाले, "मास्तर, स्वयंपाकघर जुलैत गळतं. दुरुस्त करीन असं सांगणार नाही, कारण मला आता कौलांवर चढवत नाही." मी खोली घेतली आणि स्वयंपाकघर जुलैत गळलं.

मोखाड्याच्या स्टँडवर ते एसटीचे कंट्रोलर होते. गाडीला उशीर झाला की जगातला कोणताही कंट्रोलर "येईल एवढ्यात" म्हणतो. हे कर्ण्यावरून सांगायचे, "नाशिकची गाडी कुठे आहे ते मला माहीत नाही. अंदाज सांगितला तर तो खोटा ठरेल." शहरातून आलेले प्रवासी चिडायचे, पाड्यांवरचे म्हातारे मात्र बोचकं उचलून सरळ चालायला लागायचे. "कंट्रोलरबाबा नाय बोलला म्हंजे नाय," एवढाच त्यांचा हिशोब. निवृत्तीनंतरही ही खोड गेली नाही. एका लग्नात यजमानांनी सहज विचारलं, जेवण कसं झालं? यांनी ते खरंच सांगितलं, भातापासून मठ्ठ्यापर्यंत. त्या घरचे लोक अजून माझ्याशीसुद्धा बोलत नाहीत, आणि मी तर त्या लग्नाला गेलोही नव्हतो!

घरमालकांना आम्ही काका म्हणायचो. काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. आसपास त्यांच्या धर्माचं दुसरं घर आम्हांला माहीत नव्हतं. शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटायची नाही. आपल्या प्रार्थनेच्या जागेला ते त्यांच्या लोकांच्या रिवाजाप्रमाणे 'मशीद' म्हणायचे, त्यामुळे गावाचा गोंधळ कायम. साखरशेतहून भाजी घेऊन येणाऱ्या बाई दर वर्षी विचारायच्या, "बाबा, तुझी मशीद ठाण्याला, तुझा सण गणपती गेल्यावर, न बोलतोस तर आमच्यावानी. तू हाय तरी कोन?" "खरं सांगू?" असं काका म्हणाले की अर्धा तास बाईंची टोपली खाली टेकलेली. शेवटी त्या काकूंकडे बघायच्या आणि काकू पदराआड हसत मुळ्याच्या जुड्या निवडून घ्यायच्या.

त्यांच्या सणांत सगळ्यांत मोठा दारफळणीचा. त्या दिवशी दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही आणि वर्षभरातल्या चुकांची देवाकडे माफी मागायची. यासाठी दोघं दर वर्षी ठाण्याला जात. करोनाच्या साथीत ठाण्याची मशीद बंद झाली. त्याच्या आदल्या थंडीत काकू वारल्या होत्या. या सणाला मशिदीत वारलेल्या माणसांची नावं पुकारतात, आणि त्या वर्षी काकूंचं नाव पहिल्यांदा पुकारलं जायचं होतं. काकांचा सगळा जीव त्यात अडकलेला. पण त्या प्रार्थनेला दहा पुरुष जमावे लागतात.

साथीचे नियम काकांइतके कुणी पाळले नसतील. सहा फुटी बांबू घेऊनच ते अंगणात येत आणि दुधाची पिशवी त्याच्या टोकावर घेत. अशा माणसाने ठरवलं, की दहा जण इथेच जमवायचे, उघड्यावर. ठाण्याचे नऊ म्हातारे जीपने यायला तयार झाले. काकांनी अंगणात चुन्याने दहा गोल आखले. प्रत्येक गोल सहा फुटांवर, बेसिन वेगळं, पुस्तकं ज्याची त्याने आणायची. वारा कुठून येतो ते बघायला चार दिवस धोतराचा तुकडा टांगून ठेवला होता. मग कचेरीत अर्ज दिला : 'दारफळणीकरिता माझ्या अंगणात दहा माणसे जमविण्यास परवानगी मिळावी.'

परवानगी दुसऱ्याच दिवशी आली. 'दाराच्या फळ्या बसविण्याच्या कामाकरिता दहा मजुरांस मंजुरी. मुखपट्टी व अंतर आवश्यक.'

मी हसून हसून बेजार झालो. "काका, शिक्का आहे, सही आहे. आता गप्प बसा आणि माणसं बोलवा."

"मास्तर, खोट्याची माफी मागायचा तो दिवस. तिथे हा कागद खिशात घेऊन बसू?"

"तुम्ही कुठे खोटं बोललाय कधी? तुम्हांला कसली माफी मागायचीय?"

काका गोलांकडे वळले. मग म्हणाले, "ती आजारी होती तेव्हा बोललो. रोज सांगायचो, उद्या तुला बरं वाटेल."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. काका तसेच उठून कचेरीत गेले. मीही मागोमाग गेलो. कारकून बिचारा चांगला होता. खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, मी काही ऐकलं नाही. सुतारकाम चालतंय, प्रार्थना चालत नाही. घेऊन जा ना कागद!" काकांनी तो टेबलावर ठेवला आणि दारफळणी म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं. मंजुरी रद्द झाली. घरी येऊन त्यांनी नऊ फोन केले आणि नवांनाही खरं कारण सांगितलं.

सण लागला त्या संध्याकाळी त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या बाई आल्या, दाराकडे बघून म्हणाल्या, "एकलाच हाय ना गं बाय, आत?" माझी बायको मान हलवून आत निघून गेली. भिंतीपलीकडून मधूनच काकांचा आवाज यायचा आणि थांबायचा. मला एकसारखं वाटत होतं, परवा तो कागद ठेवून घ्या म्हणून मी जरा जोर लावायला हवा होता. अजूनही कधी कधी वाटतं.

सणाच्या दुसऱ्या दिवसाला ते शिळा सण म्हणत. त्या सकाळी दार उघडून ते ओट्यावर बसले. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. मी लांबूनच विचारलं, "काकूंची प्रार्थना?"

"नाही झाली. दहांशिवाय होत नाही ती. मी नुसतं तिचं नाव घेत बसलो." मग म्हणाले, "जन्मभर 'अगं' म्हणून हाक मारली, मास्तर. आधी ते तोंडातून निघेचना."

आणि त्यांनी ते माझ्यासमोर एकदा मोठ्याने म्हटलं. इतकी वर्षं मी त्या माउलीच्या हातचं जेवलो होतो, पण काकूंचं नाव मला तेव्हा कळलं.